पोस्टमॉर्टेमनंतरचा मिस्सा

मुंबईच्या उपनगरातल्या एखाद्या कॅथलिक घरात कुणी आत्महत्या केली, की घरच्यांना एकाच दिवसात दोन ठिकाणी जावं लागतं. पहिलं ठिकाण पोलीस ठाणं. तिथे अपमृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी जातो: अंधेरीकडचा असेल तर बहुधा कूपरला, बोरिवलीचा असेल तर भगवतीला, घाटकोपरचा असेल तर राजावाडीला. दुसरं ठिकाण पॅरिशचं ऑफिस. पोलिसांपुढे कसंबसं बोलून झालेला बाप किंवा भाऊ इथे येऊन अडखळतो. फादर मिस्सा करतील का? सिमेटरीत जागा देतील का? घरातल्या म्हाताऱ्यांनी कधीतरी सांगितलेलं असतं, की अशा माणसाला चर्च माती देत नाही. मग एखादा नातेवाईक हळूच सुचवतो, हार्ट अ‍ॅटॅक आला असं सांगा.

तसं सांगायची काही गरज नाही. आत्महत्या केली म्हणून अंत्यविधी नाकारावा, असं कॅथलिक चर्चच्या लिखित कायद्यात आज कुठेही म्हटलेलं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 25 जानेवारी 1983 रोजी नवी धर्मसंहिता जाहीर केली, ती 27 नोव्हेंबर 1983 पासून लागू झाली आणि त्या दिवशी ही बंदी संपली. त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. तरीही मरोळ, आंबोली किंवा आयसी कॉलनीतल्या कुटुंबाच्या मनात ती भीती जिवंत आहे, कारण बंदी उठून चाळीस वर्षं झाली असली तरी ती टिकली होती जवळजवळ चौदाशे वर्षं. इतक्या दीर्घ काळाची शिकवण एका राजपत्राने पुसली जात नाही. ही बंदी आली कुठून आणि गेली कशी, हे सविस्तर सांगायचं ते यासाठी, की आपल्या माणसाला पुरण्याच्या दिवशी कुणालाही खोटं बोलण्याची पाळी येऊ नये.

आधी बायबल. तिथे ही बंदी सापडत नाही. जुन्या करारात शौल राजा लढाई हरल्यावर स्वतःच्याच तलवारीवर पडतो. शत्रू त्याच्या मृतदेहाची विटंबना करतात, तेव्हा याबेश-गिलादचे लोक रातोरात चालत जाऊन तो देह परत आणतात, अस्थी झाडाखाली पुरतात आणि सात दिवस उपास करतात. अहिथोफेल हा दाविदाचा मंत्री. आपला सल्ला मानला गेला नाही म्हणून तो घरी जातो, घराची निरवानिरव करतो आणि जीव देतो. पुढे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात एवढंच लिहिलं आहे, की त्याला त्याच्या बापाच्या कबरीत पुरलं. त्यावर ना टीका आहे, ना शिक्षा. यूदासची गोष्ट वेगळी वाटते, पण तीही नीट वाचावी. त्याने मंदिरात फेकलेल्या नाण्यांतून याजकांनी कुंभाराचं शेत विकत घेतलं ते परक्यांना पुरायला जागा हवी म्हणून. यूदासला कुठे पुरावं किंवा पुरू नये याबद्दल मत्तयच्या शुभवर्तमानात अक्षर नाही.

मग बंदीचा पाया कुणी घातला? बोट नेहमी संत ऑगस्टिनकडे जातं, आणि ते बरोबरही आहे. मात्र त्याने हा विषय का हाती घेतला ते फारसं सांगितलं जात नाही, आणि मला या सगळ्या इतिहासात तेच सर्वांत जास्त चटका लावतं. इ.स. 410 मध्ये व्हिसिगॉथांनी रोम लुटलं. त्या लुटीत अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. रोमन परंपरेत अशा प्रसंगी जीव देणारी ल्युक्रेशिया ही आदर्श स्त्री मानली जायची, त्यामुळे जगल्या-वाचलेल्या बायकांना लोक विचारत होते, तुम्ही अजून जिवंत कशा? ऑगस्टिनने 413 च्या सुमारास ‘देवाचं नगर’ हा ग्रंथ लिहायला घेतला आणि पहिल्याच भागात या बायकांची बाजू घेतली. जबरदस्ती झाली त्यात तुमचा दोष नाही, तुमचं पावित्र्य गेलेलं नाही, म्हणून मरण्याचं कारणही नाही, असं त्याचं म्हणणं. ‘खून करू नकोस’ ही आज्ञा स्वतःलाही लागू आहे हा मुद्दा त्याने मांडला तो या ओघात. आणखी एक कारण होतं. त्याच्या उत्तर आफ्रिकेत हुतात्मा होण्याच्या ध्यासाने मरण ओढवून घेणारे काही पंथीय होते, त्यांनाही त्याला आवरायचं होतं.

जखमी माणसाला जगवण्यासाठी केलेला हा युक्तिवाद पुढच्या दीडशे वर्षांत मेलेल्याला शिक्षा करण्याचं साधन झाला. 533 मध्ये ऑर्लेआँच्या धर्मपरिषदेने ठरवलं, की गुन्ह्याचा आरोप असताना ज्याने जीव दिला त्याच्या नावाने अर्पण स्वीकारायचं नाही. इथे अजून ‘आरोपी’ ही अट होती. 561 मध्ये ब्रागाच्या परिषदेने ती काढून टाकली: आत्महत्या करणाऱ्या कुणाचंही नाव मिस्सात घ्यायचं नाही आणि त्याचा देह नेताना स्तोत्रं म्हणायची नाहीत. ब्रागा आजच्या पोर्तुगालमध्ये आहे. त्यानंतर हजार वर्षांनी, 1534 च्या वसईच्या तहानंतर, साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरांच्या भूमीवर, जी ख्रिस्ती श्रद्धा आली ती त्याच देशाच्या मिशनऱ्यांकडून. 1579 चं मरोळचं जुनं चर्च, ज्याचे अवशेष आज सीप्झच्या आवारात उभे आहेत, किंवा बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवरचं चर्च ज्या काळात उभं राहिलं, त्या काळात आत्महत्या आणि चर्चची माती यांचा संबंध तुटलेला होता. अंधेरी-बोरिवलीच्या ईस्ट इंडियन गावठाणांत आजी-आजोबांकडून जे ऐकायला मिळतं त्याची मुळं एवढी खोल आहेत.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने याला तर्काची चौकट दिली. जगण्याची ओढ निसर्गदत्त आहे, माणूस समाजाचा घटक आहे आणि जीवन हे देवाचं दान आहे, म्हणून आत्महत्या तिन्ही बाजूंनी चूक, असं त्याचं प्रतिपादन. राजसत्तांनी त्यात क्रौर्य मिसळलं. इंग्लंडमध्ये असे मृतदेह चव्हाट्यावर, रस्त्यांच्या तिठ्यावर पुरत, आणि हे थांबवायला 1823 साल उजाडून संसदेचा कायदा व्हावा लागला. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या 1670 च्या फर्मानानुसार मृतदेहावर खटला चाले.

हे फक्त ख्रिस्ती लोकांचंच होतं असंही नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आत्मत्याग करणाऱ्यांना उदकक्रिया नाही असं सांगितलं आहे, आणि दुर्मरण आलेल्यांसाठी त्र्यंबकेश्वरला नारायणबळी करायला आजही महाराष्ट्रभरातून कुटुंबं जातात. अचानक, अनाकलनीय मरणापुढे सगळेच समाज घाबरलेले दिसतात आणि ती भीती त्यांनी विधीच्या दारात उभी केली.

कॅथलिक चर्चचा कायदा एका पुस्तकात एकत्र आला तो 1917 मध्ये. त्याच्या 1240 व्या कलमात चर्चचं दफन नाकारायच्या लोकांची यादी होती आणि तीत जाणूनबुजून आत्महत्या करणारे होते. 1241 व्या कलमाने त्यांच्यासाठी अंत्यविधीचा मिस्सा आणि वर्षाचा मिस्साही बंद केला. 1212 व्या कलमात, शक्य असेल तिथे, अशा नाकारलेल्यांसाठी आशीर्वादित दफनभूमीहून वेगळी, कुंपण घातलेली जागा राखावी असं म्हटलं होतं. केरळातल्या जुन्या चर्चच्या आवारांत अशा जागेला तेम्माडीकुळी म्हणत. मुलुंड-बोरिवलीत स्थायिक झालेल्या मल्याळी कॅथलिक घरांतल्या वडीलधाऱ्यांना तो शब्द अजून माहीत असतो.

पण त्याच 1917 च्या संहितेत दोन फटी होत्या आणि दयाळू धर्मगुरूंनी त्यांचा भरपूर उपयोग केला. एक म्हणजे ‘जाणूनबुजून’ ही अट. मन ठिकाणावर नव्हतं असं डॉक्टरने लिहून दिलं तर बंदी लागू होत नव्हती. दुसरी फट संशयाची. शंका असेल तर बिशपला विचारावं, आणि तरीही शंका उरली तर दफन द्यावं, फक्त गाजावाजा टाळावा. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रत्यक्षात अनेकांना चर्चची माती मिळत होती. मात्र ती पहाटे, घंटा न वाजवता, गायनाशिवाय. कायद्याने दार उघडलं होतं, पण मागचं. घरच्यांच्या मनावर कोरली गेली ती मागच्या दाराची आठवण, आणि आज ऑफिसात अडखळणारा माणूस तीच घेऊन आलेला असतो.

बदलाची सुरुवात 1959 मध्ये झाली. पोप जॉन तेविसावे यांनी दुसरी व्हॅटिकन परिषद आणि धर्मसंहितेची फेररचना या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, 25 जानेवारीला जाहीर केल्या. संहितेला चोवीस वर्षं लागली. दरम्यान 1969 मध्ये अंत्यविधीचं नवं पुस्तक आलं, त्यात न्यायाच्या दिवसाच्या धास्तीपेक्षा पुनरुत्थानाच्या आशेला वरचं स्थान मिळालं आणि काळ्या वस्त्रांच्या जोडीला जांभळी किंवा पांढरी वस्त्रंही चालू लागली. मग 1983 च्या संहितेचं 1184 वं कलम आलं. अंत्यविधी कुणाला नाकारावा याची त्यात तीन गटांची यादी आहे: उघडपणे श्रद्धा सोडणारे किंवा चर्चशी फारकत घेणारे, ख्रिस्ती श्रद्धेला विरोध म्हणून दहन निवडणारे, आणि ज्यांच्या अंत्यविधीमुळे श्रद्धावंतांच्या श्रद्धेला जाहीर धक्का बसेल असे उघड पापी. मरण्यापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिसली तर यांनाही विधी मिळतो. आत्महत्या करणाऱ्यांचं नाव यादीतून गाळलं गेलं. पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चची संहिता 1990 मध्ये निघाली. 1988 मध्ये स्थापन झालेला कल्याणचा सीरो-मलबार धर्मप्रांत तिच्याखाली येतो, आणि तिच्यातही आत्महत्येचा उल्लेख नाही. त्यामुळे मुलुंडमधलं कुटुंब मुंबईच्या लॅटिन महाधर्मप्रांतातलं असो वा कल्याणच्या, उत्तर तेच.

आत्महत्या आता पाप नाही, असं चर्च म्हणते का? नाही, आणि हे लपवायचं कारण नाही. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद 2280 पासून याची चर्चा आहे. जीवन देवाचं आहे, आपण त्याचे विश्वस्त, हे जुनं तत्त्व तिथे कायम आहे. पण पुढच्याच ओळींत गंभीर मानसिक आजार, यातना, संकटाचं किंवा छळाचं प्रचंड भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते असं स्पष्ट मान्य केलं आहे. आणि 2283 व्या परिच्छेदात सांगितलं आहे, की अशा माणसांच्या तारणाची आशा सोडू नये, देव त्याला ठाऊक असलेल्या वाटेने त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. कृती चूक आहे हे सांगणं आणि माणसाचा निवाडा करणं यांत चर्चने इथे अंतर ठेवलं. नैराश्याला आजार म्हणून ओळखणाऱ्या वैद्यकाचा यात मोठा वाटा आहे.

तरी हा विचार पूर्णपणे नवा नव्हता. फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू जॉन व्हियानी (1786–1859) यांची एक आठवण धर्मगुरू अजून सांगतात. पुलावरून उडी घेतलेल्या माणसाची विधवा त्यांच्याकडे आली होती. नवरा नरकात गेला या विचाराने ती खचली होती. तिने काही विचारण्याआधीच ते म्हणाले, की पुलाचा कठडा आणि पाणी यांच्या मधल्या वेळात त्याला पश्चात्ताप करता आला. ही आठवण त्या काळातली आहे, जेव्हा नियम पूर्ण कडक होता. त्याच व्हियानींना पुढे चर्चने जगभरच्या पॅरिश धर्मगुरूंचा आश्रयदाता संत ठरवलं.

जुन्या कठोरपणाची एक खूण आजही कायद्यात शिल्लक आहे. 1041 व्या कलमानुसार ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला आहे त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा घेता येत नाही, त्यासाठी खास सूट मिळवावी लागते. माझ्या मते हे कलमही 2283 व्या परिच्छेदाच्या उजेडात पुन्हा वाचायला हवं. औषधोपचाराने सावरलेल्या तरुणावर त्याच्या आजाराच्या सर्वांत वाईट दिवसाचा शिक्का आयुष्यभर का राहावा?

आता उपनगरातलं प्रत्यक्ष चित्र. शवविच्छेदन होऊन पोलिसांनी देह ताब्यात दिला, की पुढचं सगळं इतर मयतांसारखंच होतं. मृत्यूचे कागद आणि पालिकेचा परवाना पॅरिशमध्ये दाखवायचा, वेळ ठरवायची, देह चर्चमध्ये आणायचा, मिस्सा आणि मग माती. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडणं, धूप, शेवटचा निरोप, यातलं काहीही गाळायचं नसतं. दहन हवं असेल तर तेही चालतं, व्हॅटिकनने 1963 मध्येच त्याला परवानगी दिली आहे. 2016 च्या सूचनेनुसार रक्षा मात्र विखुरायची नाही, घरी ठेवायची नाही, ती पवित्र जागी ठेवायची. मुंबईत वेगळ्या कोपऱ्याचा प्रश्न तर जागेच्या टंचाईनेही संपवला आहे. बऱ्याच पॅरिशमध्ये कबर कायमची मिळत नाही, काही काळाने अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच जागी दुसऱ्याला पुरतात. एकाच मातीत सगळे येतात. वर्षाचा मिस्सा, जो 1917 च्या कायद्याने नाकारला होता, तो आता मागितला की मिळतो, आणि 2 नोव्हेंबरला फादर कबरी आशीर्वादित करत फिरतात तेव्हा कोण कसा गेला हे पाहिलं जात नाही.

चर्चने 1983 मध्ये बंदी उठवल्यावर तीन वर्षांनी मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्याच दिशेचं पाऊल टाकलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाने अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर आलेल्या मानसिक आजारात जीव देण्याचा प्रयत्न केला होता आणि त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या 309 व्या कलमाखाली खटला भरला गेला. 1986 मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला तुरुंग नव्हे, उपचार हवेत हा त्यामागचा विचार. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तोच सूर लावला, पण 1996 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कलम पुन्हा जिवंत केलं. मग मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 आला. त्याच्या 115 व्या कलमानुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं 309 कलम उरलं नाही. म्हणजे चर्चचा कायदा या बाबतीत देशाच्या फौजदारी कायद्याच्या चार दशकं पुढे होता, आणि ही गोष्ट उपनगरातल्या कॅथलिकांनाही फारशी ठाऊक नाही.

कायदा बदलला तरी व्यासपीठावरचा शब्द बदलेलच असं नाही. डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अठरा वर्षांच्या एका मुलाच्या अंत्यविधीत धर्मगुरूने प्रवचनभर आत्महत्येच्या पापाबद्दलच सांगितलं. त्याच्या वडिलांनी तिथेच जवळ जाऊन थांबण्याची विनंती केली, तरी तो थांबला नाही. डेट्रॉइटच्या महाधर्मप्रांताने नंतर माफी मागितली आणि त्या धर्मगुरूकडून अंत्यविधी करवणं बंद केलं. विधी दिला होता, दफन दिलं होतं, तरी आईबापांच्या पदरात दगड पडला. फादरच्या दहा मिनिटांच्या प्रवचनावर एवढं काही अवलंबून असतं.

उलट टोकाचं उदाहरण लंडनचं आहे. चॅड व्हराह हे कॅथलिक नव्हते, अँग्लिकन धर्मगुरू होते. 1935 मध्ये त्यांनी केलेला पहिला अंत्यविधी चौदा वर्षांच्या मुलीचा होता. पहिली पाळी आली तो तिला गुप्तरोग वाटला आणि कुणाला विचारण्याची सोय नसल्याने तिने जीव दिला. ही मुलगी त्यांच्या मनातून गेली नाही. 1953 मध्ये त्यांनी चर्चच्या तळघरात एक फोन ठेवला आणि लोकांनी नुसतं बोलावं, कुणीतरी ऐकावं, एवढंच काम सुरू केलं. ती समॅरिटन्स ही संस्था. आज जगभर चालणाऱ्या अशा मदत क्रमांकांची सुरुवात तिथून झाली. आपल्याकडे सरकारचा ‘टेली मानस’ हा 14416 क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 जणांनी आत्महत्या केली, त्यांपैकी 22,746 महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. हा क्रमांक पॅरिशच्या सूचना फलकावर मिस्साच्या वेळांशेजारी लावायला काय हरकत आहे?

राहिला तो ऑफिसातला प्रश्न: फादरांना खरं सांगावं का? शेजाऱ्यांना, कॉलनीला काय सांगायचं हे घरच्यांनी ठरवावं, तो त्यांचा अधिकार आहे. फादरांना मात्र सांगावं. अंत्यविधीच्या पुस्तकात वाचनं आणि प्रार्थना निवडायला वाव असतो, आणि कारण माहीत असलेला धर्मगुरू योग्य वाचन निवडू शकतो, अयोग्य वाक्य टाळू शकतो. आणखी एक कारण याहून मोठं आहे. आत्महत्येने गेलेल्या माणसामागे राहिलेल्यांना, विशेषतः भावंडांना आणि मुलांना, स्वतःलाही तोच धोका असतो. हार्ट अ‍ॅटॅक ऐकलेले फादर आठवड्याने घरी येतील, विधवेचं सांत्वन करतील आणि जातील. खरं ऐकलेले फादर त्याच भेटीत आतल्या खोलीत गप्प बसलेल्या धाकट्या भावाची आधी चौकशी करतील, आणि त्याला डॉक्टरांकडे कोण नेणार हे विचारून मगच उठतील.